मोन्सेरातला पहिल्यांदा जाताय? मग संध्याकाळ तिथेच काढा

बार्सिलोनाला फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींचं मोन्सेरात, म्हणजे तिथून जवळच्या डोंगरावरचा मठ, साधारण असं होतं. सकाळी टूरची बस, साडेदहाला वर, डोंगराचे फोटो, चर्चमधे एक चक्कर, कॉफी, आणि दीड-दोनला परत बसमधे. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा मी पण हेच केलं, आणि खाली उतरताना बाबांनी विचारलं की तू मठ मठ म्हणत होतीस, मग ते साधू राहतात कुठे, आपल्याला एक पण दिसला नाही. मला सांगता आलं नाही. त्यानंतर मी बऱ्याच वेळा गेले, दोनदा मुक्काम केला, आणि आता ओळखीचं कुणी विचारलं की बाकी सगळं राहू दे पण संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका एवढं आधी सांगते. कारण हे लोकांचं राहतं घर आहे, हजार वर्षं होऊन गेली, आणि घर कसं आहे ते घरची माणसं एकत्र बसतात तेव्हाच कळतं ना.

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते.

आधी थोडी ओळख करून घ्या

हे वाचून गेलात तर वर गेल्यावर बरंच काही आपोआप कळेल. मोन्सेरात म्हणजे करवतीसारखा डोंगर, आणि लांबून खरंच करवतीचे दातेच दिसतात. १०२५ साली रिपोल इथल्या मठाचे प्रमुख ओलिबा यांनी इथे छोटा मठ सुरू केला. म्हणजे २०२५ मधे एक हजार वर्षं पूर्ण झाली. मठ बेनेडिक्टाइन लोकांचा, म्हणजे सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाने राहणाऱ्यांचा. आपल्याकडे साधू म्हटलं की फिरता साधू डोळ्यासमोर येतो, हे बरोबर उलटे. दीक्षा घेताना ते शपथ घेतात की याच मठात, याच माणसांबरोबर मरेपर्यंत राहीन. दिवसाचे भाग प्रार्थनेने पाडलेले, आणि मधल्या वेळात काम. कुणी लायब्ररीत, कुणी पुस्तकांच्या छपाईत, कुणी मुलांना संगीत शिकवण्यात, कुणी पाहुण्यांचं बघण्यात. मठप्रमुखाला अ‍ॅबट म्हणतात आणि त्यांना सगळे मिळून मत देऊन निवडतात, सध्याचे अ‍ॅबट मानेल गाश २०२१ मधे असेच निवडून आले.

वर पोचल्यावर हमखास वाटतं की हे काही हजार वर्षं जुनं दिसत नाही. बरोबर आहे. १८११-१२ मधे नेपोलियनच्या सैन्याने मठ जाळून-पाडून टाकला, आज दिसतंय त्यातलं बरंच नंतर बांधलेलं आणि समोरची दर्शनी भिंत तर विसाव्या शतकातली. मग १८३५ मधे स्पेनच्या सरकारने जवळपास सगळे मठ बंद केले, माणसं बाहेर काढली. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टीनचा तो अर्धा उभा राहिलेला मनोरा पाहिला असेल तुम्ही, तो मठ त्याच सुमाराला पोर्तुगालच्या तशाच हुकमाने रिकामा झाला आणि मग पडतच गेला. इथे मात्र १८४४ मधे लोक परत आले. १९३६ च्या यादवी युद्धात पुन्हा सगळे पांगले, त्यात २३ जण मारले गेले, आणि युद्ध संपल्यावर उरलेले पुन्हा परत आले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत इथली कॅटलान भाषा सार्वजनिक जागांमधून दाबून टाकली होती तेव्हा या मठाने कॅटलानमधे पुस्तकं छापली, मासिक काढलं, म्हणून इथली देवधर्म न मानणारी माणसं पण मोन्सेरातचं नाव आदराने घेतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, दरवेळी वाटते.

दिवस कोणता धरायचा

सोमवार ते गुरुवार, शक्य असेल तर. मठात मुलांचा कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचा गट आहे, एस्कोलानिया, त्याचा उल्लेख १३०७ पासून सापडतो, युरोपातल्या सगळ्यात जुन्या कॉयरपैकी एक आहे. ही मुलं आठवड्याच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला गातात. शनिवारी नसतात. रविवारी असतात पण गर्दी इतकी की तुम्हाला फक्त माणसांची डोकी दिसतील. उन्हाळ्याच्या शाळेच्या सुट्टीत आणि नाताळनंतर काही दिवस मुलं घरी जातात, तेव्हा कॉयर नाही. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी मठाच्या साइटवर त्या आठवड्याचं वेळापत्रक बघाच, वेळा बदलत असतात आणि नंतर हळहळ होते.

२७ एप्रिल हा इथल्या देवीचा, म्हणजे मोन्सेरातच्या मारियाचा, येशूच्या आईचा सण, आदल्या रात्री जागरण असतं. गर्दी चालणार असेल तर तेव्हा जा. नसेल चालणार तर तो आठवडा सोडून द्या.

काय बुक करायचं, काय नाही

यात लोक गोंधळतात. चर्च बघायला म्हणून जायचं असेल किंवा वर मारियाच्या मूर्तीपर्यंत जाऊन दर्शन घ्यायचं असेल तर स्लॉट ऑनलाइन बुक करून ठेवा, ऐन वेळेला मिळत नाही. पण मास (चर्चमधली मुख्य उपासना) किंवा संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचं असेल तर त्याला तिकीट लागत नाही, तिथे कुणीही बसू शकतं, कुठल्याही धर्माचं. मी दोनदा फक्त प्रार्थनेसाठी गेलेय आणि कुणी काही विचारलं नाही.

मुक्कामासाठी आवारातच एक हॉटेल आहे, अबात सिस्नेरोस नावाचं, आणि शेजारी साध्या खोल्या आहेत ज्यात छोटं किचन असतं, त्यांना सेल म्हणजे कोठडीच म्हणतात. घरचे मोठे लोक बरोबर असतील तर या किचनवाल्या खोल्या बऱ्या, सकाळी चहा-पोहे स्वतःचे करता येतात आणि कुणाला उपाशी राहायची वेळ येत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर जायचं असेल तर बरंच आधी बघा.

ट्रेन, आणि इथेच माझी चूक झाली होती

बार्सिलोनाच्या प्लासा एस्पान्या स्टेशनवरून एफजीसी या रेल्वे कंपनीची आर-५ लाइन, मानरेसाच्या दिशेची. तासाला एक धरून चला. प्रवास साधारण एक तासाचा. आता लक्ष देऊन वाचा, वर जायला दोन वेगळी साधनं आहेत आणि त्यांची स्टेशनं पण वेगळी. आधी येतं ते आएरी दे मोन्सेरात, इथून पिवळी केबल कार, १९३० पासून चालू, पाच मिनिटांत वर. त्याच्या पुढचं मोनिस्त्रोल दे मोन्सेरात, इथून दातेरी रुळांची छोटी रेल्वे, क्रेमायेरा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्लासा एस्पान्याला एकत्र तिकीट घेतानाच या दोनपैकी कुठलं ते ठरवावं लागतं आणि एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. मी रेल्वेचं तिकीट घेतलं आणि सगळे उतरतायत म्हणून केबल कारच्या स्टेशनवर उतरले, आई-बाबांना घेऊन पुढच्या ट्रेनची वाट बघत एक तास उन्हात उभी राहिले. तुम्ही तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याच स्टेशनला उतरा, बाकीचे कुठे उतरतात ते बघू नका.

उंचीची भीती असेल किंवा गुडघे दुखत असतील तर रेल्वे घ्या. वणीच्या गडावर सप्तशृंगीला ट्रॉलीने गेलेले असाल तर तसंच वाटेल, फक्त इथे वळणं घेत घेत चढतं. खिडकीतून ते गोल गोल कातळ जवळ येतात तेव्हा नीट बघा, अख्खा डोंगर नदीच्या गोट्यांनी बनलाय, सिमेंटमधे खडी बसवावी तसे गोटे दगडात बसलेत. फार पूर्वी इथे समुद्राला मिळणाऱ्या नदीचा त्रिभुज प्रदेश होता, त्याचा गाळ दाबून हा दगड झाला.

मठ ७२० मीटरवर आहे. बार्सिलोनात घाम येत असला तरी जॅकेट घ्या, ढग कधी उतरतील सांगता येत नाही.

दर्शन

मूर्तीला सगळे ला मोरेनेता म्हणतात. मोरेनेता म्हणजे सावळी, लाडाने म्हटलेलं, आपण सावळा विठ्ठल म्हणतो तसंच अगदी. बाराव्या शतकातली लाकडी मूर्ती, उंची मीटरभर पण नाही, मांडीवर बाळ येशू. चेहरा आणि हात काळे, अभ्यासक म्हणतात की वर्षानुवर्षं मेणबत्त्यांचा धूर आणि जुनं व्हार्निश यामुळे रंग असा झाला. १८८१ पासून ती सगळ्या कॅटलोनियाची अधिकृत रक्षणकर्ती. इथे मुलींचं नाव मोन्सेरात ठेवतात आणि घरात मोन्से म्हणतात, माझ्या बिल्डिंगमधेच दोन आहेत.

मूर्तीकडे जायची रांग चर्चच्या उजव्या बाजूच्या दाराने. छोट्या छोट्या देवड्यांवरून पुढे जायचं, मग जिना, आणि वर एकदम तुम्ही मूर्तीसमोर. आपल्याकडे पंढरपूरला मुखदर्शन वेगळं आणि पदस्पर्श वेगळा असतो ना, तसं चर्चमधे खाली बाकावरून बघितलं ते मुखदर्शन आणि हे वरचं म्हणजे स्पर्शदर्शन. सगळी मूर्ती काचेआड आहे, फक्त उजव्या हातातला गोळा काचेतून बाहेर आलाय. तेवढ्यालाच हात लावायचा. लोक एक हात गोळ्यावर ठेवतात, कुणी ओठ टेकवतात, काही बोलतात आणि पुढे सरकतात. माझ्या पुढे एक आजी होत्या, त्यांनी पर्समधून एका छोट्या बाळाचा फोटो काढला, तो गोळ्याला टेकवला, टिश्यूने फोटोची पाठ पुसली, परत पर्समधे ठेवला. पाच सेकंदांचं काम. मागच्या माणसांनी हूं की चूं केलं नाही. तुम्हाला पण तेवढेच पाच सेकंद मिळतील, तेव्हा मोबाइल आधीच खिशात टाका, नाहीतर तो काढण्यात वेळ जातो आणि हात लावायचा राहतो.

नवीन लग्न झालेली जोडपी खूप दिसतील. जुनी म्हण आहे इथे की बायकोला मोन्सेरातला आणलं नाही त्याचं लग्न नीट लागलंच नाही. आपली जेजुरी आठवते की नाही?

बाहेर पडताना कातळाच्या कडेने एक गल्ली लागते, तिथे रंगीत मेणबत्त्या लावायची जागा आहे. मेणबत्ती घ्या, पेटीत पैसे टाका, लावा. नवस वगैरे सगळं मनात, कुणी सांगायला-विचारायला येत नाही.

वागायचं कसं

चपला-बूट काढायचे नाहीत. आपले पाय दारात आपोआप थांबतात, पण इथे घालूनच आत जातात. पुरुषांनी टोपी काढायची, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांनी डोक्यावरून घ्यायची गरज नाही. सगळे उठले की उठा, बसले की बसा, बाकी काही येत नसलं तरी चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं, मासच्या शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात आणि त्यांना एक छोटी गोल पांढरी चकती देतात. ही प्रसादाची रांग समजून त्यात उभे राहू नका. त्यांच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे, फक्त कॅथलिक लोकच घेतात. तुम्ही बाकावर शांत बसून राहिलात तर कुणालाही वावगं वाटत नाही. कॅथलिक असाल, वसईचे, गोव्याचे, तर अर्थातच जा.

प्रार्थना चालू असताना फोटो-व्हिडिओ नाही, एकदम नाही. आणि काळ्या झग्यातले संन्यासी वाटेत भेटले तर बोन दिया म्हणा, म्हणजे नमस्कार. ते थांबून बोलतात, पण त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका, विचारून काढा. एक दार असं असतं की ज्यापुढे पाहुण्यांना प्रवेश नाही, तिथून आत डोकावायचं पण नाही, आपल्या स्वयंपाकघरात कुणी अनोळखी डोकावलं तर कसं वाटेल तसंच.

दुपार

एकच्या गाण्याला किमान अर्धा तास आधी जाऊन बसा. मुलं नऊ ते चौदा वर्षांची, काळा झगा आणि वर पांढरा, रांगेत येतात. दोनच गोष्टी गातात, साल्वे म्हणजे मारियाची जुनी प्रार्थना, आणि विरोलाई. विरोलाई हे इथल्या देवीचं कॅटलान गीत, एकोणिसाव्या शतकातलं, आजूबाजूचे म्हातारे लोक पुटपुटत बरोबर गात असतात. दहा मिनिटांत संपतं. त्या दहा मिनिटांसाठी लोक बार्सिलोनाहून येतात आणि मला विचाराल तर बरोबरच करतात.

जेवायला कॅफेटेरिया आहे, व्हेज लोकांचं ब्रेडला टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला प्रकार, सॅलड, ऑम्लेट यावर भागतं. पण रस्त्याच्या कडेला आसपासच्या गावांतल्या बायका टेबलं मांडून बसलेल्या असतात त्यांच्याकडे नक्की थांबा. मध, अंजीर, चीज, आणि मातो. मातो म्हणजे ताजं, मीठ नसलेलं, पनीरपेक्षा खूप मऊ, त्यावर मध घालून खातात. चव बघायला तुकडा देतात. माझ्या आईला हे इतकं आवडलं की डबा घेऊन ट्रेनमधेच संपवला.

म्युझियममधे कॅराव्हॅज्जो, एल ग्रेको, पिकासो आहेत, आवड असेल तर एक तास द्या. मी चालायला जाते. सोपी वाट हवी असेल तर सान मिकेलच्या क्रॉसपर्यंत, तिथून मठ कातळाच्या कुशीत कसा बसलाय ते पूर्ण दिसतं. दम असेल तर सान जुआनच्या फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढलेल्या रेल्वेने, वर आणि तिथून सगळ्यात उंच सान जेरोनीपर्यंत, १२३६ मीटर, पाणी घेऊन जा, वर काही मिळत नाही. या वाटांवर कातळात जुन्या गुहा-झोपड्यांचे अवशेष दिसतात, मठाशिवाय एकेकटे राहणारे तपस्वी इथे होते, शेकडो वर्षं. खाली सांता कोवा नावाची गुहा आहे, मूर्ती तिथे मेंढपाळांना सापडली अशी आख्यायिका, वाट सुंदर आहे पण दरड पडली की बंद करतात, त्या दिवशी उघडी आहे का विचारून घ्या.

आणि आता संध्याकाळ

पाचनंतर बस जायला लागतात. सहाला चौक रिकामा. ज्याला इतका वेळ गर्दीमुळे आवाज नव्हता तो वारा ऐकू यायला लागतो.

संध्याकाळची प्रार्थना, व्हेस्पर्स, पावणेसातच्या सुमाराला असते. शेवटच्या रेल्वेची वेळ आधी बघून ठेवा, हिवाळ्यात ती प्रार्थनेच्या आधीच सुटून जाऊ शकते, केबल कार तर त्याहून लवकर बंद होते. म्हणून मी मुक्कामाचं म्हणत होते.

पुढच्या तीन-चार बाकांत बसा. घंटा होते, दिवे लागतात, आणि ते येतात, दोन दोन करून, वेदीला वाकून आपापल्या जागी. दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात, एक बाजू स्तोत्राची ओळ म्हणते, दुसरी पुढची. भजनाला वारकरी दोन रांगा करून उभे राहतात ते डोळ्यासमोर आणा, फक्त टाळ-मृदंग नाही, आवाज चढवणं नाही, सगळं एका संथ लयीत. ओळ संपते तिथे क्षणभर थांबतात. पहिल्यांदा मला तो थांबा खूप लांब वाटला, नंतर कळलं की तिथे सगळे श्वास घेतात, आणि म्हाताऱ्यातल्या म्हाताऱ्याला पुरेल इतका वेळ थांबतात. स्तोत्र संपताना सगळे एकदम कमरेतून वाकतात. भाषा कॅटलान, कळणार नाही, आणि त्याने काही अडत पण नाही.

बाबा पुढच्या वर्षी परत आले तेव्हा त्यांना इथेच आणलं. ते बाकावर बसून येणारे एकेक मोजत होते. शेवटी एक जण काठी टेकत टेकत, बाकीचे उभे राहिल्यावर आला, शेजारच्याने त्याला पुस्तक उघडून दिलं, आणि बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, आता झाले सगळे.

सकाळी

मुक्काम केला असेल तर साडेसातला लाउडेस, सकाळची प्रार्थना. चर्चमधे मोजकी माणसं असतात. नंतर बाहेर आलात की ऊन कातळांवर यायला लागलेलं असतं आणि पहिल्या बसला अजून अवकाश असतो, मोठ्यांना घेऊन आलात तर तेव्हाच चौकात फिरवून आणा.

वेळ असेल तर परत जाताना बार्सिलोनाची ट्रेन न धरता त्याच आर-५ ने उलट दिशेला मानरेसापर्यंत जा. १५२२ च्या मार्चमधे इग्नेशियस लोयोला नावाच्या सैनिकाने मोन्सेरातला मूर्तीसमोर रात्रभर जागून आपली तलवार तिथे टांगली आणि चालत मानरेसाला गेला, तिथल्या गुहेत महिनोन्महिने राहिला. पुढे पॅरिसमधे त्याला जे साथीदार मिळाले त्यातला एक फ्रान्सिस झेव्हियर, जो १५४२ मधे गोव्यात उतरला आणि ज्याच्या दर्शनाला आपण बॉम जेझूला जातो. ती गुहा आता चॅपल आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. जेवणाचा डबा असेल तर तिथे नदीकाठी बसून खा आणि दुपारच्या ट्रेनने बार्सिलोनाला या.